गिअरचा दांडा ढिला, गाडीचा भरवसा गेला



आज मी आपल्याशी बियाण्याविषयी, खताविषयी किंवा कीडरोगाविषयी बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते गाडीच्या गिअरच्या दांड्याविषयी आणि त्या दांड्याच्या मुळाशी बसलेल्या सुपारीएवढ्या एका वस्तूविषयी. तिला बुश म्हणतात. आपण म्हणाल, साहेब शेतीखात्याचे आणि बोलतात गाडीचं! खरं आहे. पण माल शेतात पिकतो आणि त्याचे पैसे बाजारात होतात. या दोघांच्या मध्ये आज बैलगाडी राहिलेली नाही. तिथं पिकअप, जीप, छोटा टेम्पो नाहीतर ट्रॅक्टर-ट्रॉली आहे. बहुतेकांनी ती जुनी, दुसऱ्या हातची घेतलेली असते. तेव्हा गाडीची निगा हासुद्धा आता शेतीचाच एक भाग झाला आहे.

एक प्रसंग सांगतो. त्यात माझीही चूक आहे, म्हणून आधी तोच सांगतो.

२०१९ सालचा सप्टेंबर महिना. जुन्नर तालुक्यातले एक टोमॅटो उत्पादक शेतकरी रात्री माल भरून कल्याणच्या बाजारात निघाले होते. साठ क्रेट टोमॅटो, म्हणजे बाराशे किलोच्या आसपास माल. प्रतवारी केलेल्या मालाला काय भाव मिळतो ते डोळ्यांनी बघावं म्हणून मीही त्यांच्या शेजारी बसलो. पहाटे चारच्या सुमारास माळशेज घाट उतरत होतो. धुकं होतं, रस्ता ओला होता. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती, इंजिन गाडीला धरून होतं. एका खड्ड्यात चाक आदळलं, आणि इंजिनाचा आवाज एकदम बसला. गिअर निसटला होता. भरलेली गाडी मोकळी झाली आणि धावायला लागली. त्यांनी दांडा पुढं ढकलला, मागं ओढला, पण तो आमटीच्या पातेल्यातल्या पळीसारखा नुसताच फिरत होता. गिअर काही लागेना. ब्रेक दाबून दाबून जळका वास यायला लागला. शेवटी त्यांनी धीर धरून गाडी दरीच्या बाजूला न जाऊ देता डोंगराच्या बाजूच्या गटारात घातली. गाडी कलंडली नाही, आम्ही दोघंही वाचलो. तीस-पस्तीस क्रेट मात्र रस्त्यावर फुटले. उजाडेपर्यंत आम्ही दोघं लाल चिखलात उभे होतो.

आता माझी चूक. त्याआधी महिनाभर मी त्याच गाडीतून शिवारफेरीला गेलो होतो. गाडी चालू असताना दांडा थडथड हलत होता, तिसरा गिअर टाकताना त्यांना दोनदा चाचपावं लागत होतं. मी हसून म्हणालो होतो, "दादा, दांडा लई नाचतोय तुमचा." तेही हसले, "साहेब, सवय झालीय आता." दोघांनीही विषय तिथंच सोडला. पिकाच्या पानावर एक ठिपका दिसला तर मी थांबतो, पान उलटून बघतो. पण नाचणारा दांडा बघून मी थांबलो नाही. म्हणून आज आपल्यासमोर बोलतो आहे.

दुरुस्तीला गाडी नेली तेव्हा एका कारखान्यात सांगितलं, गिअरबॉक्स खोलावा लागेल, वीस-पंचवीस हजार लागतील. दुसरे एक वयस्कर मिस्त्री होते. ते काही न बोलता बॅटरी घेऊन गाडीखाली शिरले. दोन मिनिटांत बाहेर आले आणि तळहातावर काळ्या रबराचा चुरा दाखवून म्हणाले, "साहेब, बॉक्सला काय झालेलं नाही. ह्यो बुश संपलाय. दांडा हातात आहे, पण गिअरशी त्याचं नातंच राहिलं नाही." बुश, नवी पिन आणि मजुरी धरून सगळं काम हजार रुपयांच्या आत झालं.

दांडा आणि गिअर यांचं नातं

आता हे नातं काय असतं ते समजून घेऊ. नांगराचं रुमणं आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. रुमणं घट्ट असेल तर हात हलवला की नांगर वळतो. रुमणं ढिलं झालं की हात इकडं जातो आणि फाळ आपल्याच वाटेनं चालतो. मग आपण पाचर ठोकतो. गिअरच्या दांड्याचं अगदी असंच आहे. आपल्या हातातला दांडा आणि गिअरबॉक्सच्या आतले दाते यांच्यामध्ये जोड असतात. जोड ढिले झाले की हात एक सांगतो आणि गिअर दुसरंच करतो.

हे जोड तीन तऱ्हेचे असतात. पहिली तऱ्हा म्हणजे दांडा सरळ गिअरबॉक्सच्या डोक्यावर बसलेला. पुष्कळ जुन्या जीपा आणि बरेच ट्रॅक्टर असे आहेत. दुसऱ्या तऱ्हेत दांडा एकीकडे आणि गिअरबॉक्स दुसरीकडे असतो, आणि मध्ये लोखंडी सळई असते. १९८३ साली आपल्याकडे बनायला लागलेल्या मारुती ८०० मोटारीत अशीच सळई होती. बाजूला गिअर असलेल्या काही ट्रॅक्टरांतही सळया असतात. तिसऱ्या तऱ्हेत सळईच्या जागी दोन केबली असतात. एक केबल गिअरची ओळ निवडते आणि दुसरी गिअर लावते. आजच्या बऱ्याच मोटारी आणि छोट्या मालगाड्या या प्रकारच्या आहेत.

या तिन्ही तऱ्हांमध्ये जिथं जिथं एक भाग दुसऱ्याला जोडलेला असतो आणि फिरतो, तिथं लोखंडावर लोखंड घासू नये म्हणून मध्ये एक नळीसारखा किंवा वाटीसारखा तुकडा बसवतात. तोच बुश. बैलगाडीच्या तुंब्यात लोखंडी नळी असते, आख तिच्यात फिरतो आणि आपण त्याला वंगण घालतो. तेच तत्त्व इथं आहे. फरक एवढाच की इथला बुश रबराचा किंवा प्लॅस्टिकचा असतो.

बुश झिजतो कशामुळे?

याची कारणं चार. पहिलं म्हणजे रोजची घासण. बाजाराची एक खेप म्हटली की शेकडो वेळा गिअर बदलतो. दुसरं म्हणजे धूळ आणि चिखल. पाणंद रस्त्याची बारीक माती ग्रीसमध्ये मिसळली की तिचा पॉलिश पेपर होतो. तिसरं म्हणजे तेल. इंजिनाचं किंवा गिअरचं तेल गळून रबरावर पडत राहिलं की रबर फुगतं, मऊ पडतं आणि त्याचा चुरा होतो. चौथं कारण उष्णता आणि वय. गाडी कमी चालली तरी दहा-बारा वर्षांत रबर वाळतं, त्याला भेगा पडतात. म्हणून "गाडी फार पळालेली नाही" या बोलण्यावर विसंबून राहू नका.

आता थोडा हिशेब करा. समजा दांड्याचा खालचा भाग टेकूपासून ५ सेंटिमीटर आणि वरचा, आपल्या हातातला भाग २५ सेंटिमीटर आहे. म्हणजे वरचा भाग खालच्याच्या पाचपट लांब. खालच्या जोडात फक्त १ मिलिमीटर ढिलेपणा आला, तर वर मुठीत तो ५ मिलिमीटर होतो. आणि असे जोड तीन-चार असतात. प्रत्येकात थोडा थोडा ढिलेपणा साचला की वर दांडा दोन बोटं हलायला लागतो. उलट बाजूनं बघा. आपण दांडा नेहमीएवढाच ढकलतो, पण त्यातला बराचसा ढकला ढिलेपणातच संपतो आणि गिअर अर्धाच लागतो.

अर्धा लागलेला गिअर हेच खरं दुखणं. गिअरबॉक्समध्ये दात्यात दाता पूर्ण बसला तर तो ओझ्याखालीही सुटत नाही. पण नुसत्या टोकावर बसला तर धक्का लागला की निसटतो. उतारावर चाकं इंजिनाला उलटी फिरवतात, तेव्हा तर तो लवकर निसटतो. शिवाय टोकावर चालून चालून दात्यांच्या कडा गोल होतात. मग मात्र खरोखरच गिअरबॉक्स खोलावा लागतो. पन्नास-शंभर रुपयांच्या बुशाकडे केलेलं दुर्लक्ष असं हजारांवर जातं.

लक्षणं कशी ओळखावी?

गाडी चालू असताना दांडा थडथडतो. गिअर लागलेला असतानाही दांडा पुढं-मागं सैल हलतो. न्यूट्रल नेमकं कुठं आहे ते हाताला समजत नाही. पहिला टाकायला जावं तर तिसरा लागतो. रिव्हर्स शोधावा लागतो. ॲक्सिलरेटर सोडला की एखादा गिअर आपोआप बाहेर येतो. यांतलं एक जरी लक्षण दिसलं, तरी "सवय झालीय" असं म्हणू नका.

पण एक सांगतो. प्रत्येक ठिपका करप्याचा नसतो, तसं गिअरचं प्रत्येक दुखणं बुशाचं नसतं. म्हणून खर्च करण्याआधी घरीच एक परीक्षा करा. गाडी सपाट जागेवर उभी करा. इंजिन बंद ठेवा. हॅण्डब्रेक ओढा आणि चाकांना पुढून-मागून मोठे दगड लावा. एकानं सीटवर बसून दांडा हळूहळू हलवायचा. दुसऱ्यानं बॅटरीच्या उजेडात खालचे जोड बघायचे. बॉनेट उघडून दिसत असतील तर फारच सोपं. गाडीखाली जावं लागत असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका. खाली लोखंडी घोडी नाहीतर जाड लाकडी ओंडका पक्का लावा. जॅक सटकून माणूस सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत.

आता काय दिसतं ते बघा. वर दांडा हलतो पण खालची सळई किंवा केबल हलत नाही, तर दोष दांड्याच्या बुडाच्या बुशात आहे. सळई हलते पण गिअरबॉक्सवरची पट्टी हलत नाही, तर दोष पुढच्या टोकाच्या बुशात. पट्टी पूर्ण हलते, जोड सगळे घट्ट आहेत आणि तरीही गिअर निसटतो, तर दोष बॉक्सच्या आत आहे. दात्याच्या कडा, गिअर सरकवणारा फोर्क किंवा गिअर जागेवर धरणारी गोळी आणि स्प्रिंग यांतलं काहीतरी गेलं आहे. ते काम मिस्त्रीचं. सगळेच गिअर टाकताना कर्रकर्र आवाज येत असेल तर आधी क्लच तपासा. आणि ॲक्सिलरेटर दाबताना-सोडताना दांडा स्वतःच पुढं-मागं जात असेल, तर इंजिन ज्या रबरी बैठकीवर बसवलेलं असतं ती बैठक बसलेली असण्याचा संभव आहे. तसं असेल तर बुश कितीही बदला, गुण येणार नाही.

कोणता बुश बसवावा?

दुकानात गेलं की दुकानदार विचारतो, कंपनीचा देऊ की भारीतला देऊ? आता भारीतला म्हणजे काय ते बघू.

रबराचा बुश सगळ्यांत मऊ असतो. तो धक्के आणि थरथर गिळतो, गाडी शांत राहते. पण तेलानं आणि वयानं तो खराब होतो.

नायलॉनचा बुश कडक आणि गुळगुळीत असतो, घासण कमी होते. पण नायलॉन ओलावा शोषून थोडं फुगतं. फार घट्ट बसवला तर पावसाळ्यात दांडा जड होतो. ॲसिटल नावाचं दुसरं प्लॅस्टिक मिळतं, पुष्कळ जण त्याला डेल्रिन म्हणतात. ते ओलावा फारच कमी शोषतं आणि झिजतंही कमी. लेथवाल्याकडून बुश करून घ्यायचा असेल तर ते मागा.

पॉलियुरेथेनचा बुश दिसायला रबरासारखा, बऱ्याचदा लाल किंवा पिवळ्या रंगाचा असतो. तो रबरापेक्षा कडक असतो आणि तेलाला, घासणीला जास्त टिकतो. दांड्याचा हात एकदम नेमका होतो. पण इंजिनाची थरथर मुठीत जास्त जाणवते आणि कोरडा पडला तर तो कुरकुरतो.

पितळी किंवा ब्राँझचा बुश सगळ्यांत कडक. ओझं पेलतो, ट्रॅक्टरच्या जाड सळयांना चांगला. पण त्याला वेळच्या वेळी ग्रीस हवंच. धूळ शिरली आणि ग्रीस नसेल तर तो स्वतः झिजतो आणि पिनही खातो.

माझा सल्ला विचाराल तर असा. जिथं नुसती पिन फिरते, उदाहरणार्थ सळईचं किंवा केबलचं टोक, तिथं रबराऐवजी ॲसिटलचा किंवा चांगल्या नायलॉनचा बुश बसवायला हरकत नाही. ढिलेपणा जातो आणि काम टिकाऊ होतं. पण जिथं रबर मुद्दाम धक्के गिळण्यासाठी ठेवलेलं असतं, म्हणजे दांड्याची बैठक जिथं बॉडीला किंवा इंजिनाला धरलेली असते, तिथं घाईनं कडक बुश घालू नका. माल भरल्यावर इंजिन हलतं. ती हालचाल मधल्या रबरात जिरली नाही तर ती सरळ सळईत जाते आणि गिअरलाच ढकलते. अशा जागी कंपनीनं दिला आहे तसाच, पण नवा आणि चांगल्या प्रतीचा रबरी बुश घाला. नाहीतर त्याच गाडीसाठी बनवलेला पॉलियुरेथेनचा घाला. सगळीकडे कडक तेच चांगलं, असं नसतं. युरिया जास्त टाकला म्हणून ऊस जास्त गोड होत नाही, तसंच हे आहे.

सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणं, चिंधी कोंबणं, तारेनं आवळणं हे उपाय आपण सर्रास करतो. अडल्या वेळी घरापर्यंत यायला ते ठीक आहेत. पण तशा गाडीनं माल भरून घाट उतरू नका.

बुश बसवण्याची रीत

काम नाजूक आहे पण अवघड नाही. हात चालत असेल तर घरी करा, नाहीतर मिस्त्रीकडून करून घ्या. पण आपण शेजारी उभे राहा आणि या गोष्टी होतात की नाही ते बघा.

१. खोलण्याआधी मोबाईलवर दोन-तीन फोटो काढा, किंवा सळईवर आणि पट्टीवर खडूची खूण करा. कोणता वॉशर कुठं होता हे नंतर आठवत नाही.

२. दांडा न्यूट्रलमध्ये ठेवा. कॉटर पिन किंवा लॉक काढून जोड सोडवा. जुना बुश फेकू नका. नवा घेताना तोच माप म्हणून दुकानात न्या.

३. पिन आणि भोक डिझेलनं धुऊन कोरडं पुसा. पिनेवरून नख फिरवा. पायरी लागली किंवा पिन एका बाजूनं झिजून अंडाकृती झाली असेल, तर पिनही बदला. झिजलेल्या पिनेवर नवा बुश म्हणजे किडक्या खांबावर नवं छप्पर. दोन-चार महिन्यांत पुन्हा तेच दुखणं येतं.

४. बुश लेथवर करून घेत असाल तर माप व्हर्निअरनं घ्या, अंदाजानं नको. १० मिलिमीटरच्या पिनेला प्लॅस्टिकच्या बुशाचं भोक १०.१ मिलिमीटरच्या आसपास हवं. पिन हातानं फिरली पाहिजे पण डगडगता कामा नये.

५. बुश हातोडीनं ठोकू नका, त्याच्या कडा फुटतात. वाईसमध्ये धरून सरळ दाबा. नायलॉनचा बुश बसत नसेल तर काही मिनिटं गरम पाण्यात टाका. तो थोडा मऊ पडतो आणि अलगद बसतो.

६. ग्रीस बघून लावा. पितळी आणि नायलॉनच्या बुशाला साधं लिथियम ग्रीस चालतं. रबराला आणि पॉलियुरेथेनला सिलिकॉन ग्रीस लावा. साध्या ग्रीसनं आणि ऑइलनं रबर फुगतं.

७. कॉटर पिन नवीनच वापरा. जुनी सरळ करून पुन्हा वाकवलेली पिन आतून मोडायला आलेली असते. दोन-पाच रुपयांची ही पिन निघाली तर अख्खा दांडा हातात येतो.

८. जोडून झाल्यावर इंजिन बंद असतानाच सगळे गिअर आणि रिव्हर्स एकेक करून टाकून बघा. प्रत्येक गिअर टक्क बसला पाहिजे. दांडा दोन्ही बाजूंना सारखा जायला हवा. एका बाजूला कमी जात असेल तर सळईची किंवा केबलची लांबी न्यूट्रलमध्ये धरून जुळवून घ्यावी लागते.

९. मग रिकामी गाडी सपाट रस्त्यावर चालवा. प्रत्येक गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबा आणि एकदम सोडा. कोणताच गिअर निसटला नाही, तरच माल भरा.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी दोन शब्द

ट्रॅक्टरच्या दांड्याच्या बुडाशी एक रबरी टोपी असते. ती फाटली की बहुतेक जण तिकडं बघत नाहीत. पण पावसाचं आणि ट्रॅक्टर धुतानाचं पाणी तिथूनच गिअरबॉक्समध्ये उतरतं. तेल दुधासारखं पांढुरकं दिसायला लागलं, तर समजा की आत पाणी गेलं आहे. अशा तेलात बेअरिंग आणि दाते गंजतात. तेव्हा टोपी लगेच बदला, तेलही बदला. चिखलणीचं काम सुरू करण्यापूर्वी ही टोपी तपासण्याची सवयच लावून घ्या.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. दांडा ढिला असलेल्या ट्रॅक्टरमध्ये दांडा न्यूट्रलला दिसतो आणि आत गिअर लागलेला असतो. अशा वेळी खाली उभं राहून कोणी स्टार्टर मारला तर ट्रॅक्टर झेपावतो आणि मोठं चाक अंगावर येतं. म्हणून ट्रॅक्टर नेहमी सीटवर बसून, क्लच पूर्ण दाबूनच सुरू करा. क्लच दाबल्याशिवाय सुरू होऊ नये म्हणून काही ट्रॅक्टरांना बटण दिलेलं असतं. ते कटकट म्हणून तोडून टाकू नका. घरातली पोरं हौसेनं चावी फिरवतात, त्यांनाही हे समजावून सांगा.

उतारावर गिअर निसटला तर?

बुश चांगले असले तरी हे माहीत असावं. घाट ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये गाडी सोडू नका. उसाची भरलेली ट्रॉली असेल तर उतार सुरू होण्याआधीच खालचा गिअर लावा, मध्ये बदलू नका. आणि रस्त्यावर ट्रॅक्टरचे दोन्ही ब्रेक पेडल एकमेकांना जोडलेले ठेवा.

आणि गिअर निसटलाच, तर इंजिन बंद करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकची मदत एक-दोन दाबांतच संपते आणि पेडल दगडासारखं होतं. पायाचा ब्रेक दाबून धरून वेग आवरा. क्लच दाबा, ॲक्सिलरेटर देऊन इंजिनाचा वेग वाढवा आणि तोच गिअर, नाहीतर त्याच्या वरचा गिअर लावायचा प्रयत्न करा. हॅण्डब्रेक एकदम न खेचता हळूहळू ओढा. काहीच जमलं नाही तर गाडी डोंगराच्या बाजूला घ्या. गाडीचा पत्रा पुन्हा सरळ होतो.

शेतकरी बंधूंनो, आपण मृगाआधी तिफण-वखर बाहेर काढतो, पाचरी बघतो, फाळ शेवटून आणतो. तसाच वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी आणि सुगीच्या तोंडावर, गाडीखाली एकदा वाका. अर्धा तास लागेल. दांडा हलवून बघा, बुश बघा, रबरी टोपी बघा, कॉटर पिना बघा. जुनी गाडी विकत घेत असाल तर इंजिनाचा आवाज ऐकता तसा दांडाही हलवून बघा. मालकानं ती गाडी कशी वापरली आहे ते त्यावरून बरंच कळतं.

त्या घाटातल्या गाडीला आता चार वर्षं झाली, असं त्या शेतकऱ्यांनी मला २०२३ साली सांगितलं. दांडा जागचा हलत नाही. पण मला आठवतं ते वेगळंच. त्या पहाटे रस्त्यावर फुटलेले टोमॅटो गोळा करत त्यांच्या घरच्या लक्ष्मी, ज्यांनी दोन दिवस बसून तो माल निवडला होता, त्यांना फोनवर काय सांगावं हे त्यांना सुचत नव्हतं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "माल गेला. आम्ही दोघं बरे आहोत." यातलं दुसरं वाक्य उलटं सांगायची पाळी कोणावर येऊ नये, एवढ्यासाठी हे बोललो.

आपल्या गाडीचा दांडा नाचत असेल तर हा कागद खिशात ठेवा आणि उद्याच मिस्त्रीकडे जा.